डाव्या पायाला आवतन

आमच्या भोकरदनच्या घरात, पुढच्या खोलीच्या कोपऱ्यात, एक पांढरा पाय उभा आहे. चांगला माझ्या कमरेपर्यंत येतो. येणारा-जाणारा चहा हातात पडेपर्यंत गप्प बसतो, पण नजर तिकडेच असते. कोणी म्हणतं बाळाची गादी, कोणी म्हणतं ट्रॅक्टरचं सीट. एका पाहुण्याने तर ते पाय मोडल्यावर बांधायचं काहीतरी समजून माझ्या गुडघ्यांची इतकी आपुलकीने चौकशी केली की मला खरंच गुडघे दुखल्यासारखे वाटायला लागले. पूर्वी मी सगळ्यांना सगळं सांगायचे. आता कंटाळा आला, म्हणून एकदाच लिहून ठेवते.

तो पॅड आहे. आइस हॉकी नावाचा एक खेळ असतो, त्यात गोल अडवणारा माणूस, आमच्या बाबतीत बाई, दोन्ही पायांना असे पॅड बांधते. खेळ चालतो बर्फावर. आमच्याकडे बर्फ म्हणजे रसवंतीवरचा, पोत्यात गुंडाळून ठेवलेला. त्यावर उभं राहायचं सोडा, तो ग्लासात जास्त पडला तरी आम्ही भांडतो. त्याच बर्फावर माझी एकुलती एक मुलगी पायाला पाती लावून उभी राहायची.

ती शिकायला कॅनडात गेली होती. तिथल्या कॉलेजात मुलींची टीम होती आणि सगळ्याच मुलींना गोल करायचे होते, अडवायला एकीशिवाय कोणी तयार नव्हतं. ही नवी, हिला नाही म्हणता येईना, म्हणून तिच्या जोडीला हिला उभं केलं. फोनवर म्हणाली, "आई, मी गोलकीपर झाले." मी म्हटलं, "बरं झालं बाई, आणि अभ्यासाचं काय?" तिचे वडील बाजूलाच होते. त्यांनी फोन घेतला. "ते अंगावर काय येतं गं?"

"रबराची चकती, पप्पा. गोफणीतला गोटा कसा येतो, तशी."

हे खो-खो हसले. लहानपणी ज्वारीवरची पाखरं त्यांनी गोफणीनेच हाकली होती, त्यामुळे त्यांना लेकीचा अभिमान वाटला. मला नाही वाटला. लोक गोटा चुकवतात, ही मुद्दाम त्याच्यापुढे जाऊन उभी राहणार, आणि वर हसून सांगणार!

मग एका श्रावणात ती सुट्टीवर आली. चुलीवरची भाकरी, पिठलं, ठेचा सगळं झालं आणि तिने भली मोठी बॅग उघडली. आत हा एवढा पांढरा पॅड, आणि त्याच्या पोकळीत कोंबलेले कपडे.

"दुसरा कुठंय?" मी विचारलं.

"तो तिकडंच. तो ठीक हाय. सामानात एकच मावला."

सातासमुद्रापलीकडून एकच पाय घेऊन येणारी मुलगी आमच्याच पोटी यायची होती.

पॅड तिने जुना विकत घेतला होता आणि त्याचा गुडघ्याचा भाग उसवला होता. गोलकीपर सारखी गुडघ्यांवर पडते, दोन्ही पाय बाजूंना फाकवून, म्हणजे खालून काही जायला नको. गुडघा बर्फावर आपटू नये म्हणून पॅडच्या आतल्या अंगाला एक जाड ठोकळा असतो. तोच तीन बाजूंनी सुटून लोंबत होता. तिथला दुकानदार दुरुस्त करायला बराच वेळ लावणार होता, आणि तेवढा वेळ हिच्याजवळ नव्हता. टीममध्ये ही आजवर राखीव होती, म्हणजे बाकावर बसणारी. पहिली गोलकीपर शिकून निघून गेली होती. आता तिच्या जागी कोण, ते परत गेल्या गेल्या ठरणार होतं, आणि त्या जागेवर आणखी एका मुलीचाही डोळा होता.

"ह्या बारीला न्हाई झालं तं मंग झालंच न्हाई, आई," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी माझं कॉलेजच संपतं. एकदा तरी बाकावरून उठून खेळायचंय मला. तुझ्यासारखं कोण शिवतं सांग? तू शिवून दे."

तेवढं बोलून ती अंबडला मावशीकडे गेली, आणि तो पाय आम्हा दोघांच्या ताब्यात राहिला.

खरं सांगते, माझ्या मनात आलं होतं. नाही शिवला तर? पॅड नाही म्हणजे खेळ नाही, खेळ नाही म्हणजे अंगावर गोटे नाहीत. पण मला वाईट शिवता येत नाही. लहानपणापासून गोधड्या शिवल्या आहेत. आमच्याकडे वाकळ म्हणतात. माझा टाका उसवलेला अजून कोणी दाखवलेला नाही. तेव्हा दुपारची भांडी आवरली, पोती शिवायची दाभण काढली, चांभाराकडून मेण लावलेला पक्का दोरा आणवला आणि ओट्यावर पाय मांडीवर घेऊन बसले.

आधी आत डोकावून पाहिलं. शिवणाऱ्या बाईला दुसऱ्याचं शिवण उघडून पाहण्यासारखं सुख नाही. वरचं कापड रेक्झिनसारखं, गुळगुळीत, पाणी न पिणारं. त्याच्या आत कडक फोमचा थर, त्याच्या आत जरा नरम, मग एक पातळ प्लास्टिकचा पत्रा, आणि पायाच्या अंगाला एकदम मऊ. वाकळीचं नेमकं उलटं. आपण मऊ लुगडं वर घालतो आणि चिंध्या-चांध्या आत दडवतो. इथे कडकपणा सगळा बाहेरच्यांसाठी, आणि मऊ ते घरच्या पायासाठी.

"तुझ्यावाणीच हाय," हे म्हणाले. "वरून कडक."

"आत काय हाय ते तुम्हाला आजवर दिसलं न्हाई," मी म्हटलं.

गुडघ्याच्या वर आडव्या घड्या होत्या, तिथे पॅड वाकतो. खाली पावलावर बसणारा भाग जरा पुढे कललेला. बाहेरच्या कडेला एक उभी गोल किनार. आतली कड मात्र सपाट, कारण खाली पडल्यावर तीच बर्फाला टेकते. कुठला तुकडा कशासाठी ते मी फोन करकरून विचारून घेतलं. आपल्या रानातला, घरात ठेवलेला कापूस थोडा भरू का, तेही विचारलं. ती ओरडलीच, "बिलकुल न्हाई! कापूस पाणी पितो आई, पाय उचलायचा न्हाई मला. पूर्वीचे लोक केस न् कापूसच भरायचे, खेळ संपस्तोवर पॅड भिजून दगड व्हायचा." आमच्या धावडा गावच्या रानातल्या कापसाला नाही म्हणणारी ही पहिलीच. मी कापूस ठेवून दिला.

ठोकळा मी असा शिवला की उद्या पॅड फाटेल पण ठोकळा सुटणार नाही. तिथेच थांबले असते तर बरं झालं असतं. पण ह्यांना पॅड पायाला बांधून बघायचा होता. पायजमा वर सारून त्यांनी तो डाव्या पायाला बांधला आणि अंगणात चार पावलं टाकली. म्हातारा माणूस, एक पाय काटकुळा आणि एक हत्तीचा. मी तोंडाला पदर लावला. पण हे हसेनात. थांबून खाली बघत होते.

"हे तं फिरून राह्यलंय."

खरंच, पॅड पायाभोवती सैल गरगरत होता. पोटरीचे पट्टे ढिले, पुढे बुटाला बांधायची दोरी ही एवढी लांब. ह्यांचं सगळं आयुष्य बैलांत गेलेलं. बैलाच्या मानेला जुवाशी जो पट्टा बांधतात तो जोतं, आणि जोतं ढिलं राहिलं की जू हलतं, खांदा सोलवटतो. ही गोष्ट त्यांना त्यांच्या वडिलांनी चापट मारून शिकवलेली होती.

"पोरीची नडगी सोलून निघंल," ते म्हणाले. "तरीच म्हणतो, गुडघे काळे-निळे काहून दिसून राह्यले."

मलाही पटलं. तिथले लोक मशिनीवर शिवतात, त्यांना काय कळतं बांधाबांधीतलं? ह्यांनी आरीने पट्ट्यांना नवी भोकं पाडली. मी जुन्या इरकल लुगड्याची घडी करून पोटरीच्या पोकळीत आतून शिवली, म्हणजे पाय गच्च बसावा. पुढची दोरी आखूड केली. पुन्हा बांधून पाहिला, इंचभर हलेना. आम्ही दोघं एकमेकांकडे असे बघत होतो, जणू तिची निवड होऊनच गेली.

ती अंबडहून आली तेव्हा आम्ही काही बोललो नाही. बघू दे म्हटलं. तिने पुढच्या खोलीतलं सामान हलवलं, फरशीवर कॅरमची पावडर पसरली, बर्फासारखं घसरायला. दुसरा पॅड नव्हता म्हणून उजव्या गुडघ्याला माझी वाकळ गुंडाळली. मग डावा पॅड बांधला. बांधताना तिच्या कपाळावर आठी आलेली मला दिसली, पण मला वाटलं, नवं आहे म्हणून. ती वाकली, आणि धाडकन गुडघ्यांवर पडली.

उजवी वाकळ बरोबर बसली. डावा पॅड मात्र नडगीला चिकटून राहिला. त्याचं तोंड समोर यायच्या ऐवजी जमिनीकडे झालं, तो ठोकळा भलतीकडे गेला आणि गुडघा तसाच फरशीवर आपटला. ती कडेला कलंडली.

मी ओरडले. हे उठून उभे राहिले. ती पडल्या पडल्याच पट्टे चाचपत होती. इरकलीची किनार हाताला लागली तशी तिला सगळं कळलं.

"हे कोणी केलं?"

खोलीत पावडर उडत होती.

"आवळला आम्ही," हे म्हणाले. "ढिला व्हता माय. पाय घासला असता."

ती रडेल किंवा ओरडेल असं मला वाटलं. मी ओरडायची तयारी करूनच ठेवली होती, कारण माझ्या शिवणाला कोणी नाव ठेवलं की मला आवरत नाही. "मंग ढिलं काहून शिवतात?" मीच आधी म्हटलं. "पायात घातलेली वस्तू फिरती कशी चालती?"

"फिरायलाच पाह्यजे आई!" तिने पॅड सोडून हातात घेतला, आपली नडगी पुढे केली आणि पॅड तिच्याभोवती हळूहळू फिरवून दाखवला. "हे पाहा. उभी असते तेव्हा पॅडचं तोंड समोर. खाली पडले की माझा पाय आडवा व्हतो, बाजूला जातो. तव्हा पॅड पायाबरोबर गेला तं त्याचं तोंड खाली व्हईल, न् मंग चकती अडवायची कशानं? पाय फिरला तरी पॅडनं समोरच पाहत राह्यलं पाह्यजे. म्हणून पट्टे ढिले. म्हणून दोरी लांब. न् फिरला म्हणजेच गुडघा बराबर त्या ठोकळ्यावर येतो."

मी ह्यांच्याकडे बघितलं. ते खाली बसले, पॅड घेतला, स्वतःच्या हातावर घालून फिरवला. दोनदा-तीनदा फिरवला. चेहरा पडलेला होता. पोरीचं नुकसान झालं की काय, हीच त्यांची चिंता. मग एकाएकी मान हलवायला लागले.

"म्हणजे हे जोतं न्हाई," ते म्हणाले. "हे दावं हाय."

तिला दावं ठाऊक होतं. गोठ्यात बैलाला खुंट्याला बांधायची दोरी. दाव्याला ढील द्यावीच लागते, नाहीतर बैलाला बसता येत नाही, वळता येत नाही, मान अडकून मरायचा. जोतं कामाचं, ते आवळायचं. दावं राहण्याचं, ते सोडायचं.

"बराबर पप्पा," ती म्हणाली. "दावंच."

"मंग येवढी बात! जल्दी सोडा," ते म्हणाले. "चुकीचा फास घातला आपण."

आपण म्हणाले, पण सोडवायला मलाच बसावं लागलं. शिवण्यापेक्षा उसवणं किटकिटीचं, त्यातून माझेच टाके. ब्लेडने एकेक टाका कापत गेले आणि स्वतःच्या पक्केपणाला शिव्या देत गेले. ठोकळ्याचे टाके तेवढे ठेवले. पट्टे पहिल्या भोकांवर आले, दोरीला तिने स्वतः जोड दिला. मग पुन्हा पावडर, पुन्हा वाकळ. ती पडली, आणि पॅड असा फिरला की मला कळलंही नाही कधी फिरला. पाय आडवा, पॅड उभा, तोंड थेट आमच्याकडे. ती तशीच बसून आमच्याकडे बघून हसत होती. ही आता जाणार, आणि चांगली खेळणार, आणि आपल्याला हे थांबवता येणार नाही, हे तेव्हा कळलं. दुःख झालं आणि बरंही वाटलं.

तिची निघायची वेळ पोळ्याच्या तोंडावर आली. आदल्या संध्याकाळी आमच्याकडे खांदमळणी असते. वर्षभर जू ओढलेल्या बैलांचे खांदे गरम पाण्याने शेकायचे, हळद आणि लोणी चोळायचं, आणि त्यांना दुसऱ्या दिवसाच्या पुरणपोळीचं आवतन द्यायचं. रानात ट्रॅक्टर आला तसे आमचे बैल गेले. झूल तेवढी पेटीत राहिली. पोळ्याला मातीचे बैल पुजतो, पण मातीच्या बैलाचे खांदे काय मळणार? त्या संध्याकाळी हे दरवर्षी वाटीतली हळद उगाच बोटाने कालवत ओट्यावर बसायचे.

त्या दिवशी मी आत तिचं सामान भरत होते. बाहेर आले तर हे पॅडपुढे उकिडवे बसलेले, हातात हळद-लोण्याची वाटी. पॅडच्या गुडघ्याला दोन्ही हातांनी हळद चोळत होते. हळूहळू, गोल गोल, खांदा मळतात तशी.

"अहो! पांढऱ्यावर हळद!" मी कपाळाला हात लावला. "लोकं काय म्हणतील तिथले? निघणार हाय का ती?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. मळून झालं, हात जोडले, आणि बैलांना म्हणायचे ते म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या."

तेवढ्यात मुलगी बाहेर आली. पांढऱ्या पॅडवर तळहाताएवढा पिवळा डाग. मला वाटलं, आता मात्र भडकणार. ती वडिलांच्या शेजारी बसली, डागावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "पप्पा, जोडीतल्या एकालाच लावलं. दुसरा तिकडं उपाशी हाय, त्याचं काय?"

हे उठले आणि आत जाऊन एका डबीत हळद घेऊन आले. "लोणी तिकडचं घे," म्हणाले. दुसऱ्या दिवशी आम्ही पोळा सोडून तिला जालन्याच्या बसमध्ये बसवलं.

पुढे तिचा फोन आला. निवड झाली होती. सोबत एक फोटो होता, दोन्ही पॅड शेजारी शेजारी, दोघांच्याही गुडघ्यांवर पिवळा डाग. टीमच्या मुलींनी विचारलं तेव्हा तिने काय सांगितलं कोण जाणे. व्हिडिओही यायचे. हे फोन डोळ्यांना लावून बघायचे आणि चकती कुठून आली ते न बघता एवढंच म्हणायचे, "पाह्य, पाह्य, फिरला बराबर."

कॉलेज संपल्यावर ती तिथेच नोकरीला लागली, खेळही सोडला नाही, आणि दोन पोळे त्यांनी तसे बघितले. मग एका उन्हाळ्यात ते गेले. फार त्रास न होता गेले, असं सगळे म्हणतात. मी तिथे होते, मला माहीत आहे काय झालं ते. मुलगी धावत आली, दिवस घातले, आणि जाताना बॅगेतून हा पॅड काढून कोपऱ्यात ठेवला. तिने नवीन जोडी घेतली होती. "डावा इथं ऱ्हाऊ दे, आई," एवढंच म्हणाली. डाग तसाच होता. तिने कधी पुसला नव्हता आणि खेळून खेळूनही तो गेला नव्हता.

त्या वर्षी पोळा आला. खांदमळणीच्या संध्याकाळी मी काहीच करणार नव्हते. घरात एकटी, कोणासाठी हळद कालवायची? दिवाही लावला नव्हता. फोन वाजला. तिकडे सकाळ होती. समोर तिचा चेहरा, आणि मांडीवर उजवा पॅड.

"आई, माझं लावून झालं," तिने हळदीचा हात दाखवला. "डाव्याला लावलं का?"

मी उठले. फ्रिजमधलं लोणी घेतलं, हळद कालवली, आणि कोपऱ्यातल्या पायापुढे बसले. जुन्या डागावर नवी हळद चोळली. माझेच टाके बोटांना लागत होते. फोन तिने तसाच चालू ठेवला होता.

"आता पप्पा म्हणायचे ते म्हण," ती म्हणाली.

आमच्यात हे बाईमाणसाने कधी म्हटलेलं नाही. आवतन पुरुषच देतात. पण घरात म्हणणारं दुसरं कोणी नव्हतं. मी हात जोडले आणि म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या."

आणि ती तिकडून, इतक्या लांबून, लगेच म्हणाली, "येते गं माय."

मग आम्ही दोघी रडलो. दुसऱ्या दिवशी मी पुरण घातलं, पहिली पोळी त्या डाव्या पायापुढे ठेवली आणि मग जेवायला बसले. कोणी हसलं तर हसू दे.